रखमाजी मास्तरांचा सूड

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. ऐंशीला आले. सूनबाई म्हणते, "आई, सोडा आता. तो माणूस मेला, त्याची राखसुद्धा राहिली नसेल. किती दिवस उराशी धरणार?" मी म्हणते, ऊर माझा आहे, त्याच्याशी काय धरायचं ते मी ठरवीन. राग धरायचीसुद्धा एक रीत असते बाई. ती ज्यांनी मला शिकवली, त्या रखमाजी मास्तरांबद्दल लिहायचं कैक वर्षं मनात होतं. आज बसले.

आमचं गाव पासली. तोरण्याच्या पलीकडं, वेल्ह्यापासून चालत गेलं तर अर्धा दिवस खाणारं. तेव्हा आमचा मुलूख भोर संस्थानात होता. मास्तर भोरचे. नेमणूक होऊन आले आणि परत गेलेच नाहीत. उंच, काटकुळे, डोक्याला कायम विटकरी रुमाल, आणि मिशी एवढी दाट की तिच्यामागं ओठ आहेत की नाहीत ते कळू नये. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांचा एक बोकड. त्या बोकडाचं नाव त्यांनी 'काका' ठेवलं होतं. सकाळी भैरोबाच्या देवळात आमची शाळा भरायची, तेव्हा मागच्या परड्यातून त्यांचा आवाज यायचा, "काका, खोटं बोलू नको. घेवड्याचा वेल तूच खाल्लास." आम्ही पोरं हसून हसून लोळायचो. मला वाटायचं, मास्तरांचा आपल्या चुलत्यावर लई जीव असेल, म्हणून नाव ठेवलंय.

मनात धरून ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. भोरहून शाळा तपासायला एक साहेब यायचे. त्यांनी एकदा आम्हा पोरांसमोर मास्तरांना 'अरे रखमाजी' अशी हाक मारली. तेव्हापासून साहेब आले की मास्तर स्वतः ताक करून द्यायचे, आणि त्यात मीठ घालायचे नाहीत. साहेब तोंड वाकडं करून प्यायचे. साहेबांची बदली होईपर्यंत त्यांना पासलीत खारं ताक मिळालं नाही.

शाळेचे मास्तर तेच आणि टपालाचे मास्तरही तेच. आठवड्यातून दोनदा वेल्ह्याला जाऊन थैली आणायची, देवळाच्या ओवरीत बसून शिक्के मारायचे, आणि ज्याचं कार्ड त्याच्या दारात जाऊन वाचून दाखवायचं. दुसऱ्याच्या हाती कार्ड द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. लढाई चालू होती. दर दोन घरांआड एक गडी पलटणीत गेलेला. कुणी ब्रह्मदेशात, कुणी इटलीत. ही नावं आम्हाला नकाशावर मास्तरांनी दाखवली होती, नाहीतर आमच्या बायाबापड्यांना वेल्ह्याच्या पलीकडं सगळा एकच मुलूख. मास्तर दारात आले की आधी कार्ड मनातल्या मनात वाचायचे. बाया त्यांच्या मिशीकडं टक लावून बसायच्या. मिशी हलली की खुशाली. "हालली गं बाई हालली," असं म्हणत एखादी मटकन खाली बसायची.

मरणाचं कार्ड मात्र मिशीवरून ओळखायची गरज नसायची. आमच्याकडची रीत अशी, की मयताची बातमी असली तर लिहिणाऱ्यानं कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचा. असं कार्ड घरात न्यायचं नाही. दाराबाहेरच फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. पोरांनी तर त्याला हातसुद्धा लावायचा नाही. पोरांना पुढं पुष्कळ दिवस काही सांगायचंही नाही. विचारलं तर 'गावाला गेलाय', 'देवाला गेलाय', जे तोंडात येईल ते.

ह्या शेवटच्या गोष्टीवर मास्तरांचा सगळ्या गावाशी उभा दावा होता.

वर धनगरवाड्यावर बिरू नावाचा सहा वर्षांचा पोरगा होता. त्याच्या मोठ्या बहिणीला पान लागलं, साप चावला की आमच्याकडं असंच म्हणतात, एका दिवसात गेली पोर. बिरूला सांगितलं, ताई गडावर मेंगाईच्या देवळात गेलीय. पोरानं दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे एकटा तोरणा चढायला लागला. ताईला आणायला. संध्याकाळी गुराख्यांना तो कड्याच्या वाटेवर सापडला, गुडघे फुटलेले, तरी वर जायचंच म्हणून त्यांना चावत होता. मास्तरांना कळलं तसे ते वाड्यावर गेले. बिरूच्या आजीनं हात जोडले, "मास्तर, नका सांगू, ल्हान जीव हाय, फुटंल."

"ल्हान जीव कड्यावरनं पडला आसता, तवा फुटला नसता व्हय?" मास्तर ओरडले. मग त्यांनी बिरूला आजीच्या कडेवरून खाली घेतलं, एका बसक्या धोंड्यावर बसवलं आणि त्याचे दोन्ही पाय मातीला टेकवले. मुठीत गुळाचा खडा दिला. "पाय टेक. गूळ धर. आयकून झाल्यावर खायचा." आणि सांगितलं. ताईला साप चावला. ताई मेली. मेली म्हणजे आता ती येणार नाही, गडावरनं पण नाही, कुठूनच नाही. तुझी आजी आहे, बाबा आहे. आज संध्याकाळी कोकरांना तूच पाजायचंस.

बिरूनं खडा मुठीत घट्ट धरला. मग म्हणाला, "खोटं न्हाई ना?"

"न्हाई."

तेव्हा कुठं पोरगं रडलं. मास्तर तिथंच बसून राहिले, त्याच्या पायांवर आपले पंजे ठेवून. नंतर त्यांनी तसाच एक बसका दगड शाळेच्या दारात आणून मांडला. गावात काही वाईट घडलं की त्या घरचं पोर आधी ह्या दगडावर यायचं. ओट्यावर का बसवत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाय लटकत असले की वाईट बातमी सगळी पोटात जाती. जमिनीला लागलेले असले की थोडी जमीन घेती." हे खरं की खोटं मला ठाऊक नाही. पुढं मी स्वतः मास्तरीण झाले, पस्तीस वर्षं पोरं शिकवली, आणि एकाही पोराला पाय लटकत असताना वाईट बातमी दिली नाही.

आता माझं सांगते.

मी दहा वर्षांची होते, तिसरीत. आबा पलटणीत. घरी आई, आजी आणि मी. आमच्या भिंतीला भिंत लावून आबांच्या चुलत भावाचं घर होतं. मारुती. त्याला सगळे तात्या म्हणत, मीही म्हणायचे, आता नाइलाजानं लिहिते. त्याचा मोठा मुलगा शिरपा आबांबरोबरच लढाईत गेलेला, आणि धाकटी हौसा माझ्या शेजारी शाळेत बसायची. त्या घरात वाचता येणारी तेवढी एकच.

लावणीचे दिवस होते. सकाळी खाचरातल्या पाण्यावरून आईचं आणि तात्याचं वाजलं. आमच्या पाळीचं पाणी त्यानं आपल्याकडं वळवलं होतं. आईनं चार माणसांसमोर बांध फोडून ते परत आणलं आणि त्याला असं काही सुनावलं की बाकीच्या लावणीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तात्या काळाठिक्कर पडला आणि निघून गेला.

त्याच दिवशी मास्तर हिवतापानं फणफणले होते. थैली आदल्या दिवशी आणलेली, शिक्के मारून झालेले, पण उठून दारोदार जायची ताकद नव्हती. ओवरीत घोंगडी घेऊन कुडकुडत पडले होते. तात्या तिथून चालला होता. मास्तरांनी आयुष्यात एकदाच आपला नेम मोडला. तात्याला हाक मारली आणि म्हणाले, "भावजयीला एवढं कार्ड दे. खुशाली हाय म्हणून सांग. म्या ताप उतरला की येऊन वाचतो."

खुशाली हाय. हे दोन शब्द त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकले होते, हे ध्यानात ठेवा.

आमच्या अंगणात तो आला तो मान खाली घालून. कार्ड आजीच्या पुढ्यात टाकलं आणि बाजूला झाला. कोपरा फाटलेला.

आजीनं जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. तिनं कार्ड उचललं, टराटरा फाडलं, उकिरड्यावर फेकलं. वाचायला कोण थांबतंय! फाटल्या कोपऱ्याचं कार्ड वाचायचं असतं का! शेजारच्या बाया धावत आल्या. आई चिखलाच्या हातानं बांधावरून आली, आणि तिला काही कळायच्या आत दोघीतिघींनी तिचे हात दारातल्या दगडावर धरले. बांगड्या फुटताना मी पाहिलं. एक काच तिच्या मनगटात घुसली होती, ती कुणी काढली नाही. कुंकू एका म्हातारीनं ओल्या बोटानं पुसलं. तात्या कुडाला टेकून उभा होता. त्याच्या तोंडावर काय होतं ते मी बघितलं आहे. नंतर तो शपथा घेऊन काहीही सांगो.

मी उकिरड्यावर गेले. सापडले तेवढे तुकडे गोळा केले. एका तुकड्यावर 'सरीस अनेक आशी' एवढं होतं. सरी म्हणजे मी. मला वाचता येत होतं, आणि मी ते वाचलं, आणि मला वाटलं, मरता मरता आबांनी मला आशीर्वाद पाठवला. बाकीचे तुकडे मी बघितलेच नाहीत. मूठ मिटली आणि शेळ्यांच्या खोपटात जाऊन बसले. मग मूठ उघडेना. बोलताही येईना. आई जवळ घ्यायला आली की मी भिंतीला सरकायची, कारण तिच्या हाताकडं मला बघवत नव्हतं. दोन दिवस मी पाणीसुद्धा धड गिळलं नाही. बाया म्हणत होत्या, "पोरीला नका सांगू कुणी, हबकलीय." अगं, मला सांगायचं काय राहिलं होतं! आईच्या बांगड्या माझ्या डोळ्यादेखत फुटल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मास्तर काठी टेकत आले. अंगणात पाऊल ठेवलं, आईचं कपाळ पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. कोणीतरी कोपऱ्याचं सांगितलं. त्यांच्या तोंडचा रंगच उतरला. ते आईशी बोलले नाहीत, आजीशी बोलले नाहीत. खोपटात वाकून आत आले आणि माझ्यासमोर शेणात बसले.

"सरे, पाय टेक."

मी पाय पोटाशी घेतले होते. त्यांनी ओढले नाहीत. आपले टेकवून बसले आणि थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. मी पाय खाली सोडले. मग त्यांनी माझी मूठ आपल्या तळहातावर ठेवली आणि एकेक बोट उलगडलं. तुकडे घामानं चिकटले होते. त्यांनी मला बाहेर आणलं, पाटी मागवली, भाताची खळ मागवली, आणि सगळ्या बायांच्या देखत एकेक तुकडा पाटीवर चिकटवला. कार्ड जुळलं. एकच कोपरा नव्हता.

"वाच," मास्तर म्हणाले.

"तुमीच वाचा की मास्तर," आजी रडत म्हणाली.

"तीच वाचंल. तिचं कार्ड हाय."

दोन दिवस न आलेला आवाज मी घशातून कसा काढला ते माझं मला ठाऊक. 'मी खुशाल आहे. पायास जखम झाली, बरी होत आहे. दवाखान्यात पाव मिळतो, भाकरी नाही. सरीस अनेक आशीर्वाद. शाळा चुकवू नये.' संपलं. आई पुढं झाली आणि म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. सात वेळा वाचलं.

मग मास्तर उठले आणि तात्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

"म्या दिलं तवा कार्ड साबूत हुतं. कोपरा कुठाय, मारुती?"

"शेळीनं खाल्ला आसंल वाटंत," तात्या म्हणाला.

"माझ्या घरी बोकड हाय," मास्तर म्हणाले. "तो कागुद खातो तर समदा खातो. तेवढा कोपरा काढून बाकीचं पोचवणारा बोकड दोन पायांचा असतो."

तात्यानं मग कबूल केलं. म्हणाला, दोन घटका घाबरतील एवढंच वाटलं होतं. वाचतीलच की. वाचल्यावर कळेलच की. एवढं रडायचं काय त्यात!

मास्तरांनी त्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यांनी गावासमोर एवढंच सांगितलं, की उद्या उजाडायला वेल्ह्याला जायचं, कासाराला घेऊन यायचं, आणि त्याची बांगड्यांची पेटी वाटभर आपल्या डोक्यावर वाहायची. कुणी मदत करायची नाही. तात्या गेला. गुडघाभर चिखलातून, पावसात, पेटी डोक्यावर घेऊन आला. वाटेवरच्या वाड्यावस्त्यांतले लोक कारण विचारत, आणि मागून चालणारे मास्तर ते सगळ्यांना सविस्तर सांगत. ताप नुकता उतरलेला माणूस हे सांगायला वेल्ह्याहून पासलीपर्यंत चालत आला! आईनं हिरव्या बांगड्या भरल्या.

गावाच्या लेखी प्रकरण मिटलं. माझ्या लेखी मिटलं नव्हतं. पेटी वाहून काय होतंय? डोकं दुखलं असेल चार दिवस. मला त्याच्या दारात तीच किंकाळी ऐकायची होती. तो कुडाला टेकून उभा होता तसं मला उभं राहायचं होतं. भाद्रपदात मी आबांना लिहायला ठेवलेलं एक कोरं कार्ड पळवलं. तात्याच्या नावानं लिहिलं, 'शिरपा लडाईत मेला. कळावे.' दातानं कोपरा तोडला. आणि टपालाच्या पेटीत टाकून पळाले. त्या रात्री मला गाढ झोप लागली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तरांनी मला थांबवलं. कार्ड त्यांच्या हातात होतं. तांबड्या शाईनं त्यांनी त्यातली एक चूक दुरुस्त केली होती.

"'लढाईत'ला ढ असतो, ड न्हाई," ते म्हणाले. "सूड घ्यायचा तर शुद्ध लिहून घ्यावा."

मी मान खाली घातली.

"बरं, म्या हे पोचवतो. कोपरा फाडलाय, म्हंजे दारातच फाडून टाकतील म्हणतीस. पर त्या घरानं तुमच्यावरनं धडा घेतलाय. आता ते वाचल्याबिगर फाडणार न्हाईत. वाचणार कोण?"

मी दप्तराचा बंद ओढत राहिले.

"तात्याला वाचता येतं?"

"न्हाई."

"त्याच्या बायकूला?"

"न्हाई."

"मग कार्ड कुणाच्या हातात देतील?"

हौसाच्या. माझ्या डोळ्यांपुढं हौसाची माझ्यासारखीच मिटलेली मूठ आली.

मास्तरांनी मला दगडावर बसवलं आणि स्वतः मातीत बसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी चुलत्याची गोष्ट सांगितली. ते नऊ वर्षांचे असताना भोरात प्लेग आला. चुलत्यानं त्यांना गावाबाहेरच्या झोपड्यांत नेलं. आई गावात राहिली आणि गेली. चुलता म्हणाला, आई माहेरी गेलीय, दिवाळीला येईल. "तीन दिवाळ्या म्या नीरा नदीच्या उतारावर बसून काढल्या, सरे. नवा सदरा घालून. समद्या भोराला ठावं हुतं. माझ्याशी गोट्या खेळणाऱ्या पोरांना ठावं हुतं. एकानं भांडताना तोंडावर फेकलं, तुझी आय कवाच मेलीय म्हणून. चुलत्याला विचारलं, तर म्हणाला, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं."

"मग तुमी काय केलं?"

"त्याच्या घरचं पाणी सोडलं. ते आजपातुर. बोकडाला त्याचं नाव दिलं." त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. "आनी त्यानं एका पोराला खोटं सांगितलं, तर म्या जित्ता हाय तवर माझ्या टापूत कुणाला कुठल्या पोराशी खोटं बोलू देणार न्हाई. हाच माझा सूड. रोज घेतो. तुजा राग तू सोडू नको, म्या सोड म्हणत न्हाई. पर तो मारुतीवर धर. हौसावर सांडू नको."

कार्ड त्यांनी मला परत दिलं. "तुजं हाय. ठेव." मी ते दप्तरात ठेवलं.

सहा महिनेसुद्धा झाले नसतील. पलटणीचा लांब लिफाफा आला. मास्तरांनी तो ओवरीत उघडला आणि वाचला. मिशी हलली नाही. मग त्यांनी हौसाला उठवलं, आणि मलाही. "चल सरे. तुजं काम हाय."

तात्याच्या अंगणात त्यांनी हौसाला पाटावर बसवलं, पाय जमिनीला. मुठीत गूळ. आईबापांना तिच्या समोर बसवलं. पोराला शेवटी कळावं हे त्यांना चालत नसे. सगळ्यांना एकाच वेळी सांगितलं. शिरपा लढाईत मेला. तो आता येणार नाही. हौसे, तुझी आई आहे, बा आहे. आज रात्री तू आईजवळ निजायचंस.

तात्या उठला. त्यानं तो लिफाफा मास्तरांच्या हातातून हिसकला, आतला कागद उलटापालटा केला, चारी कोपऱ्यांवरून बोटं फिरवली.

"कोपरा साबूत हाय!" तो ओरडला. "बघा की! चारीबी कोपरं साबूत हायेत! माजं प्वार जित्तं हाय. तुमी सूड घेताय मास्तर, त्या कार्डाचा सूड घेताय!"

माझ्या दप्तरात ते फाटक्या कोपऱ्याचं कार्ड होतं. आणि मला बरं वाटलं. लिहिते तसंच, बरं वाटलं. देवानं माझं ऐकलं असं वाटलं. तो माणूस कागदाचे कोपरे चाचपत अंगणात गोल गोल फिरत होता आणि मी पोटभर बघत होते.

मास्तर त्याच्यासमोर गेले. मला वाटलं, आता सुनावतील. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि खाली बसवलं. "मारुती, पाय टेक," ते म्हणाले. अगदी बिरूला म्हणाले होते तसं.

हौसा मात्र माझ्याकडं बघत होती. मास्तरांकडं नाही, बापाकडं नाही. तिला माहीत होतं, तिच्या बापानं आमच्याशी काय केलं ते. गूळ घट्ट धरून तिनं मला विचारलं, "सरे, खोटं न्हाई ना?"

"न्हाई गं," मी म्हणाले. तिच्यासमोर बसले आणि माझे पंजे तिच्या पायांवर ठेवले. तिचे पाय बर्फासारखे गार होते. ती रडायला लागली तेव्हा माझंही सगळं फुटलं. त्या दिवशी संध्याकाळी मी ते कार्ड न्हाणीच्या चुलीत घातलं. हौसासाठी घातलं. तात्याला मी तेव्हाही माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. पुढं आबा एका पायानं लंगडत परत आले आणि त्यांनी तात्याशी बोलणं सुरू केलं. मी केलं नाही. तात्या मेला तेव्हा मी हौसाच्या शेजारी बसायला गेले होते, त्याच्यासाठी नाही.

मास्तरांना शेवटचं पाहिलं ते मी शिकायला पुण्याला निघाले त्या दिवशी. शाळा दुसऱ्या मास्तरांकडं गेली होती, डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण ते रोज देवळात येऊन बसायचे. मी पाया पडायला गेले तेव्हा ओवरीच्या कठड्यावर बसून पाय हलवत होते. पलीकडं परड्यात काका बांधलेला होता. पहिला की दुसरा कोण जाणे, नाव तेच.

"बरी आलीस," ते म्हणाले. "ह्ये कार्ड आलंय सकाळी. म्हणलं, पुण्याला जाणाऱ्या बाईकडनंच वाचून घ्यावं."

मी कार्ड हातात घेतलं. कोपरा नव्हता. तो फाटलेला त्यांना दिसला नव्हता. मी त्यांच्यासारखंच मनातल्या मनात वाचलं. मला लपायला मिशी नव्हती.

"गुर्जी," मी म्हणाले, "पाय टेका."

त्यांचे हलणारे पाय थांबले. काही न विचारता ते खाली उतरले, वहाणा काढल्या आणि दारातल्या त्या दगडावर जाऊन बसले. दगड पोरांच्या मापाचा. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. मी कोनाड्यातला डबा काढून गुळाचा खडा त्यांच्या मुठीत दिला.

"तुमचे भोरचे चुलते वारले," मी सांगितलं. "मंगळवारी. आता ते न्हाईत. मी हाय. हौसा हाय, बिरू हाय, गावातली समदी पोरं हायेत. आज संध्याकाळी काकाला पाला घालायचाय, तो मी आणून ठेवते आणि मग निघते."

त्यांनी गुळाचा खडा मुठीत फिरवला.

"माफी मागितलीय का गं त्यात? मरताना काय बोलला आसंल तर?"

मी कार्ड परत पाहिलं. "न्हाई गुर्जी."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. "मागितली असती तर द्यावी लागली असती."

आणि मग मिशी हलली. हे हलणं खुशालीचं नव्हतं. अनवाणी पाय मातीत रोवून, गूळ मुठीत धरून त्यांनी मान वर केली. कुठं बघायचं ते त्यांना दिसत नव्हतं.

"सरे, खोटं न्हाई ना?"

"न्हाई गुर्जी," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोर मातीत बसून माझे पंजे त्यांच्या पायांवर ठेवले.